मोबाईल जप्त झाला म्हणजे पुरावा मिळाला असं नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईत सीसीटीव्ही फिटिंगचं काम करतो. कॅमेरे बसवणं, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) दुरुस्त करणं आणि अधूनमधून पोलीस आले की फुटेज काढून देणं. मी वकील नाही की पोलीस नाही, पण मस्साजोगच्या प्रकरणापासून आपल्या जिल्ह्यात हॉटेलात चहा पिता पिता सुद्धा लोकं सीडीआर (फोन कंपनीकडची कॉलची नोंद), टॉवर लोकेशन, डेटा रिकव्हरी असं बोलायला लागलेत आणि त्यातलं बरंच अर्धवट असतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, काटछाट करायची तर करा, फुटेजबद्दल लिहिलंय तेवढं मात्र ठेवा ही विनंती.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. मार्च २०२५ मध्ये दोषारोपपत्रातले फोटो न् व्हिडिओतली दृश्यं बाहेर आली, सगळ्या महाराष्ट्रानं बघितली, ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. खटला कोर्टात आहे, त्यामुळं कोण दोषी कोण नाही यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. पण तेव्हापासून लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की मोबाईल सापडला की केस झाली. कुठं खून झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, आरोपीचा मोबाईल जप्त, सीडीआर मागवले, आणि आपण निर्धास्त होतो. मला वाटतं खरं काम तिथून सुरू होतं, आणि नेमकं तिथंच आपल्याकडं माती होते.

हे इतकं महत्त्वाचं का, तर आपल्याकडचे साक्षीदार टिकत नाहीत. ज्यानं डोळ्यानं बघितलं त्याचं शेत आरोपीच्या शेताच्या बांधाला लागून असतं, त्याची पोरं त्याच शाळेत जातात, त्याला ऊसतोडीची उचल त्याच माणसाकडून घ्यायची असते. केस उभी राहीपर्यंत दोन-चार वर्षं जातात आणि कोर्टात तो म्हणतो मला काही दिसलं नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा, त्याला तिथंच राहायचंय. पण कॅमेऱ्याला कुणी धमकी देऊ शकत नाही, टॉवरच्या नोंदीला कुणी पैसे चारू शकत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या गावातल्या माणसाला या डिजिटल पुराव्याची गरज मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फुटेज. साधारण दुकानात चार कॅमेरे न् एक टीबीची हार्ड डिस्क असते, त्यात पंधरा-वीस दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, कॅमेरे आठ असतील किंवा क्वालिटी जास्त ठेवली असेल तर आठवडा-दहा दिवस. त्यानंतर डीव्हीआर जुन्यावर नवीन लिहायला लागतो. हे डिलीट झाल्यासारखं नसतं बरं का. डिलीट झालेलं किंवा फॉरमॅट मारलेलं पुष्कळदा परत काढता येतं, पण ज्याच्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढलं ते गेलं, मग ते मुंबईच्या लॅबला पाठवा नाहीतर अमेरिकेला. माझ्याकडं एकदा एका ठाण्याचे लोक आले, एका ढाब्यावरचं फुटेज पाहिजे म्हणाले, घटना होऊन महिना उलटून गेला होता. मी हार्ड डिस्क उघडून दाखवली, सर्वात जुनं रेकॉर्डिंग दोन आठवड्यांपूर्वीचं. जमादार बिचारे म्हणाले, "आम्हाला तपास आत्ता आला हो, आधीचे साहेब बदलून गेले." त्यांचं पण खोटं नव्हतं. पण त्या ढाब्यावरून ती गाडी गेली का नाही हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. डीव्हीआरच्या बोर्डवर एक छोटा बटन सेल असतो, तो दोन-तीन वर्षात संपतो, मालक तो बदलत नाही कारण कॅमेरा तर चालू दिसतोय. मग लाईट गेली की घड्याळ मागं जातं, आणि आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. अर्धा-पाऊण तास पुढंमागं असलेले डीव्हीआर मी सारखे बघतो, काही तर दुसऱ्याच वर्षाची तारीख दाखवतात. खुनाच्या केसमध्ये अर्धा तास म्हणजे माणूस तिथं होता का दुसऱ्या गावाला होता एवढा फरक. त्यामुळं फुटेज घ्यायच्या आधी पहिलं काम हे की आपल्या मोबाईलवरचा टाईम न् डीव्हीआरचा टाईम शेजारी शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि किती फरक आहे ते पंचनाम्यात लिहायचं. फुकटचं काम आहे, पाच मिनिटं लागत नाहीत. हे स्वतःहून करणारा अधिकारी मला क्वचितच भेटलाय, बहुतेक वेळा मीच सांगतो न् मग ते लिहून घेतात.

आणि तिसरं, ज्याचा मला खरंच त्रास होतो, ते म्हणजे मॉनिटरवर फुटेज चालू करायचं आणि समोर मोबाईल धरून त्याचं शूटिंग करायचं, ते व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवायचं आणि झालं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारीक करतं, नंबर प्लेट पुसट होते, मूळ फाईलची तारीख-वेळ सगळं निघून जातं. आरोपी शोधायला ठीक आहे, धावपळीत तेवढं लागतंच, पण त्याच दिवशी मूळ फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट घेतलं पाहिजे नाहीतर सरळ हार्ड डिस्कच सील करून नेली पाहिजे. दुकानदार कुरकुरतो कारण त्याला नवीन डिस्क घ्यावी लागते. तो खर्च सरकारनं द्यावा, मोठा नाहीये तो.

फुटेज न आणल्यानं काय होतं याचं मोठं उदाहरण सुप्रीम कोर्टाचं आहे. २०१० साली वाराणसीच्या एका हॉटेलात एक इटालियन पर्यटक मेला, सोबतच्या दोघा इटालियन लोकांना खुनासाठी जन्मठेप झाली. हॉटेलात सीसीटीव्ही होता, पण ते फुटेज कोर्टापुढं आणलंच नाही, सिम आणि कॉलचे तपशील पण नाहीत. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघांना निर्दोष सोडलं, आणि म्हटलं की हातात असलेला सर्वात चांगला पुरावा दाखवला नाही तर तो सरकार पक्षाच्या विरोधात जातो. म्हणजे फुटेज हरवलं तर खरा आरोपी सुटू शकतो आणि गुन्हा न केलेला माणूस पाच वर्षं आत सडू शकतो, दोन्ही बाजूनं नुकसान.

आता मोबाईल. मोबाईल हातात आला की आपल्याकडं पहिल्यांदा काय होतं तर कुणीतरी गॅलरी उघडून बघायला लागतं. प्रत्येक टचनं आत काहीतरी बदलतं, न वाचलेला मेसेज वाचलेला होतो, ॲप उघडल्याची नवीन नोंद पडते, आणि उद्या आरोपीचा वकील म्हणतो की जप्तीनंतर फोन वापरलाय, हे फोटो तुम्हीच टाकले कशावरून. दुसरी सवय म्हणजे स्विच ऑफ करून पाकिटात घालणं. ऐकायला बरोबर वाटतं पण चालू असलेला फोन, जो मालकानं एकदा तरी पासवर्ड टाकून उघडलेला आहे, त्यातला डेटा लॅबला काढणं बरंच सोपं असतं. बंद करून परत चालू केला की सगळं परत कुलपात. हल्ली तर आयफोनमध्ये २०२४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२५ पासून अशी सोय आलीय की लॉक असलेला फोन तीन दिवस तसाच पडला की आपोआप रिस्टार्ट होतो. चोरापासून वाचायला चांगली आहे, पण ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत महिनोन्महिने पडलेल्या फोनचं काय होत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

आणि फोन नेटला जोडलेला राहिला तर आरोपीचा भाऊ घरी बसून दुसऱ्या मोबाईलवरून तो पूर्ण पुसून टाकू शकतो. म्हणून फॅराडे बॅग नावाची पिशवी असते, आतल्या फोनला रेंज मिळत नाही. त्यात पण ध्यान ठेवावं लागतं, फोन रेंज शोधत राहतो न् बॅटरी लवकर उतरते, सोबत पॉवर बँक जोडावी लागते. पिशवी न् पॉवर बँक, एवढंच. राज्यात फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन आल्या, चांगली गोष्ट आहे, मी विरोध करत नाही. पण व्हॅन पोहोचेपर्यंत तो फोन ज्या हवालदाराच्या हातात आहे त्याच्याकडं पिशवी नसेल तर व्हॅनला येऊन काय मिळणार.

सीडीआरबद्दल तर इतका गैरसमज आहे की विचारू नका. सीडीआर म्हणजे कुणी कुणाला किती वाजता फोन केला, किती सेकंद, हँडसेटचा आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा नंबर) कोणता आणि त्या वेळी कोणता टॉवर पकडला एवढंच. बोलणं त्यात नसतं. कंपन्यांनी तो किमान दोन वर्षं ठेवायचा असा डिसेंबर २०२१ पासून नियम आहे, आधी एकच वर्ष होतं. व्हॉट्सॲप कॉल तर त्यात कॉल म्हणून दिसतच नाही, त्याच्यासाठी इंटरनेट वापराचा वेगळा रेकॉर्ड मागवावा लागतो न् त्यातून पण फक्त अंदाज बांधता येतो. आणि टॉवर लोकेशन म्हणजे काही घराचा पत्ता नव्हे. शहरात टॉवर जवळजवळ असतात, आपल्या केज-धारूर-वडवणीच्या बाजूला एका टॉवरखाली चार-पाच गावं न् मधली सगळी रानं येतात. बालाघाटच्या डोंगरात तर रेंज कुठून पकडेल भरवसा नाही. पेपरात येतं "आरोपीचं लोकेशन घटनास्थळी", पण असतं ते त्या भागात, एवढंच. डेन्मार्कमध्ये २०१९ साली असं निघालं की पोलिसांच्या मोबाईल डेटाच्या सॉफ्टवेअरमध्येच चुका होत्या, तेव्हा त्यांनी दहा हजाराहून जास्त जुन्या केस परत तपासायला काढल्या आणि दोन महिने मोबाईल लोकेशन कोर्टात वापरायचंच बंद ठेवलं. एवढा पुढारलेला देश.

शिवाय नंबर म्हणजे माणूस नसतो. आपल्याकडं सिम भावाच्या आधारवर, फोन बायकोकडं, कारखान्यावर गेलं की तोच फोन ऊसतोडीच्या टोळीतल्या सगळ्यांच्या हातात. त्यामुळं त्या रात्री तो फोन नेमका कुणाच्या खिशात होता हे सांगायला जिवंत माणूस लागतोच. पण सगळे धागे जुळले की काय ताकद असते तेही खरं. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये २०१५ ला एका बाईचा घरात खून झाला, नवरा म्हणाला चोर घुसला होता त्यानं गोळी घातली. त्या बाईच्या अंगावर फिटबिट होतं, पावलं मोजायचं. चोरानं तिला ज्या वेळेला मारलं असं नवरा म्हणत होता त्यानंतर जवळजवळ तासभर ती घरात चालत होती असं त्यात निघालं. २०२२ मध्ये त्याला ६५ वर्षांची शिक्षा झाली. इतकं बारीक यंत्र, पण खोटं बोलणाऱ्याला धरून दिलं त्यानं.

आता कोर्टातली बाजू, आणि इथं मराठवाड्याचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलंय ते आपल्याच लोकांना माहीत नाही. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला का वेळ संपल्यावर, असा वाद झाला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ शूटिंग. औरंगाबाद खंडपीठातून ते सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगून टाकलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही न् नुसती कॉपी दिली तर साक्ष कायद्याच्या कलम ६५-बी चं प्रमाणपत्र, म्हणजे ही कॉपी कोणत्या यंत्रातून कशी काढली ते सांगणारा सहीचा कागद, पाहिजेच पाहिजे. आज देशातल्या कुठल्याही कोर्टात खुनाच्या खटल्यात मोबाईलचा पुरावा आला की हा जालन्याचा निकाल निघतो. २०२२ मध्ये पंजाबातल्या दोन लहान मुलांच्या खुनाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं कॉल रेकॉर्ड बाजूला काढले, कारण प्रमाणपत्र नव्हतं, बाकीचा पुरावा पण कमी पडला, आणि आरोपी सुटला. लेकरांच्या बापाला काय वाटलं असेल. त्यात हा एक कागद.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत. आता ६५-बी च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, प्रमाणपत्राचे दोन भाग केलेत, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा न् दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठा समजा. सॉफ्टवेअर पूर्ण फाईल वाचून एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ काढतं, उद्या त्या व्हिडिओतला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. त्यामुळं जप्तीच्या दिवशीची ओळ न् कोर्टातल्या फाईलची ओळ जुळली की "छेडछाड केली" हे म्हणणं तिथंच संपतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. माझ्यासारखे फुटेज काढून देणारे लोक त्या भाग 'अ' वर सह्या करतात, आणि खरं सांगतो, कशावर सही करतोय हे निम्म्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं. नंतर साक्षीला बोलावणं येतं तेव्हा घाबरतात, दुकान बंद करून कोर्टात दिवसभर बसावं लागतं, मग पुढच्या वेळी पोलीस आले की सरळ सांगतात कॅमेरा बंद होता. हे मी माझ्या धंद्यातल्या लोकांकडून ऐकलंय. त्यांना एक तासाचं प्रशिक्षण द्या, साक्षीचा भत्ता वेळेवर द्या, बघा फरक पडतो का नाही.

नव्या कायद्यात अजून दोन गोष्टी आहेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर गेलंच पाहिजे, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलीय. आणि दोषारोपपत्रात मोबाईलसारखं यंत्र कुणाकडून कुणाकडं कसं गेलं तो ताब्याचा क्रम लिहायचा. कागदावर छान आहे. पण आठ जिल्ह्यांचा मराठवाडा, प्रयोगशाळा संभाजीनगर न् नांदेडला, आणि खुनात ९० दिवसात दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून लॅबचा अहवाल यायच्या आधीच दोषारोपपत्र पाठवायचं न् मागून पुरवणी जोडत बसायचं, हे सर्रास चालतं. लॅबमधल्या लोकांना मी दोष देत नाही, एकेका फोनमध्ये लाखभर फोटो न् मेसेज असतात, ते माणसानंच बघायचे असतात. माणसं वाढवा. धाराशिव, हिंगोली, परभणी, बीड, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी निदान फोनची कॉपी काढून देणारं एक केंद्र पाहिजे, म्हणजे विश्लेषण नंतर होत राहील पण डेटा तर हातात राहील. आणि तालुक्याच्या प्रत्येक ठाण्यात एक तरी कर्मचारी असा पाहिजे ज्याचं हेच काम, आणि त्याची बदली झाली तर त्याच्या जागी तसाच दुसरा. ठाण्याची माणसं पेन ड्राईव्ह माझ्या दुकानातून स्वतःच्या खिशातले पैसे देऊन घेतात, मला ते घ्यायला लाज वाटते.

ज्यांच्या घरात असं काही घडतं त्यांच्यासाठी पण लिहितो, कारण त्यांना त्या वेळेला कुणी काही सांगत नाही. मयताचा फोन घरी असेल तर तो उघडायचा प्रयत्न करू नका, पॅटर्न चुकत गेला तर कायमचा लॉक होऊ शकतो, चार्जिंगला लावून तसाच पोलिसांच्या हातात द्या आणि पोच घ्या. फोन गायब असेल तर त्याचा बॉक्स शोधा, त्याच्यावर आयएमईआय नंबर असतो, सिम बदललं तरी त्यावरून हँडसेट सापडू शकतो. रस्त्यावरची दुकानं, पेट्रोल पंप, पतसंस्था, ग्रामपंचायत, जिथं जिथं कॅमेरा आहे त्याची यादी करून त्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज द्या की हे फुटेज राखून ठेवा, खाली तारीख न् शिक्का घ्या. दुकानदाराला पण सांगा की आधी वर लिहिलाय तसा टाईमचा फोटो काढ न् मग डीव्हीआर बंद ठेव नाहीतर डिस्क काढून ठेव. दुःखात हे सुचत नाही, त्यामुळं गावातल्या शिकलेल्या पोरांनी पुढं होऊन करावं. आणि तपास कुठपर्यंत आला हे ९० दिवसात फिर्यादीला कळवणं पोलिसांवर आता बंधनकारक आहे, ते हक्कानं विचारा.

एक गोष्ट मात्र हात जोडून. अशा केसमधले फोटो-व्हिडिओ ग्रुपवर आले तर पुढं पाठवू नका. मस्साजोगच्या वेळी आमच्या ग्रुपवर ते कितीदा आलं त्याला गणती नाही, पाठवणाऱ्यांच्या मनात चीडच होती हे मला माहीत आहे. पण त्या घरात लेकरं आहेत, त्यांच्या हातात पण मोबाईल आहे. पुराव्याची जागा न्यायाधीशांपुढं आहे.

संपादक साहेब, तुमच्या क्राईम रिपोर्टरला एक विनंती करायची होती. खुनाची बातमी देताना "मोबाईल जप्त" एवढं छापून थांबू नका. जप्तीच्या वेळी फोन चालू होता का बंद, फुटेज कोणत्या तारखेला घेतलं, डीव्हीआरच्या वेळेतला फरक पंचनाम्यात आहे का, हॅश काढली का, फोन लॅबला कधी गेला, हे पाच प्रश्न तपास अधिकाऱ्याला विचारा आणि उत्तर मिळो न मिळो, दोन्ही छापा. पेपरात येतंय म्हटलं की पुढच्या केसला पिशवी न् पॉवर बँक गाडीत ठेवली जाईल.

कळावे,
आपला एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड